वैशूच्या डोहाळ्यांचा सॅमन

९ जाने., शुक्र.
वैशूला हैदराबादहून बोरीला आणून आठ दिवस झाले. पाचवा महिना लागला तरी उलट्या थांबत नाहीत. वरणभात, ज्वारीच्या कण्या, काहीही खाल्लं की परत. डॉक्टरबाई म्हणाल्या, वजन घटतंय. १९ला पुन्हा बघू, वजन वाढलं नसेल तर भरती करा. पोरगी एवढीशी दिसायला लागली आहे. मला भीती वाटते.
आज विचारलं, तुला खावंसं काय वाटतं? म्हणाली, "सॅमन."
मला वाटलं मिठाई असेल. मासा निघाला. तिकडे दोघं नवराबायको करून खायचे म्हणे.
शोभाने लग्नाच्या एकतीस वर्षांत अंड्याला बोट लावलेलं नाही. म्हणाली, "डोहाये हायेत, पुरवा लागतेत. पन माह्या चुलीवर नाई."
म्हणजे नेहमीचंच. अंगणात तीन दगड, वेगळं पातेलं, आचारी मी.

११, रवि.
पहाटेच्या एस.टी.ने नागपूर. दुकानदाराने आधी रावस पुढे केला. "काका, यही इंडियन सॅमन है." वै.ने बजावलं होतंच, रावस नको. मग काचेमागून नारिंगी तुकडा काढला. डोकं नाही, डोळे नाहीत. मी धरणावरचा मासा घेतो तो कल्ला उचलून, आतला लालपणा बघून. इथे उचलू काय?
वै.ला फोन. ती अंथरुणातून हुकूम सोडत होती. "बाबा, मधला तुकडा घ्या, शेपटीकडचा नका घेऊ. साल पाह्यजे. बोटानं दाबून पहा, खड्डा पडून राह्यला तं सोडून द्या."
दाबला. खड्डा भरून आला. वासही नाही. बिनवासाच्या माशावरच माझा जास्त संशय! दोन तुकडे घेतले, थर्माकोलचा डबा, बर्फ. येताना कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, लस आनली का?"

१२, सोम.
शो.चा सोमवार. अंगणातही चूल पेटणार नाही. तिच्या फ्रीजमध्ये तर मासा जन्मात जायचा नाही. डबा कालच राठोडच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात ठेवला, कुल्फीच्या खाली. राठोड म्हणतो, "गुरुजी, गिऱ्हाईक इचारून राह्यले, हे नवीन फ्लेवर कायचं हाय?"

१३, मंगळ.
घाण केली. माझीच चूक.
आपल्याकडे मासा आणला की मीठ, हळद, ताक लावून चोळायचा, पाणी स्वच्छ होईस्तोवर. मी तसाच चोळत बसलो. रंग काही जाईना. मला वाटलं दुकानदाराने रंगवला. आणखी मीठ, आणखी ताक, पाऊण तास. वै. खिडकीतून ओरडली, "बाबा, काय करून राह्यले? तो जन्मजातच तसा असते!"
तोवर तुकड्याचा भुगा. म्हटलं, वाया कशाला घालवायचा? खोबरं, खसखस, काळा मसाला, झणझणीत रस्सा केला. फोडणीचा वास घरात गेला आणि वै. मोरीत. बिचारीच्या पोटात होतं काय पडायला?
रस्सा राठोडने आणि मी खाल्ला. चांगला झाला होता, पण खाताना लाज वाटत होती.

१४, बुध.
संक्रांत. वै.च्या पोटात तिळगूळसुद्धा राहिला नाही. शो. देवघरात बराच वेळ बसली.

१५, गुरु.
गुरुवार. शनिवारही नाही, रविवारी अमावास्या, सोमवारी १९. राहिला फक्त उद्याचा दिवस आणि एकच तुकडा.

१६, शुक्र.
तुकडा सकाळीच राठोडकडून आणला. वै. अंगणात खाटेवर, मी शिष्य. धुवायचं नाही, फक्त पुसायचं. मीठ, लिंबू. बस. हात मसाल्याकडे जात होता, आवरला.
"काटे असतेत, बाबा. मधल्या रांगेत. बोट फिरवून पहा."
फिरवलं. चष्मा लावूनही मला एक सापडेना. शो. दारात उभी, पदर नाकाला. एकदम आत गेली, बाभळीचे काटे काढायचा आपला चिमटा घेऊन आली, खाली बसली. "सरका तिकडं."
आणि डाव्या हाताने मासा दाबून एकेक काटा उपटला. सतरा. मान वळवलेली, डोळे अर्धे मिटलेले, बोटं मात्र बरोबर. मी तिच्याकडे बघतच राहिलो.
"पाहून काय राह्यले? तवा तापवा."
साल खाली ठेवून भाजला, पलटून दुसरी बाजू, आतपर्यंत शिजवला. कच्चा नको, असं डॉक्टरबाईंनी बजावलंय. वै.ने हळूहळू अर्धा खाल्ला, भाताच्या चार घासांसोबत. शो.ने दोनदा आंघोळ केली. संध्याकाळपर्यंत पोरीच्या पोटात राहिलं. आम्ही दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, दृष्ट लागायची.

१७, शनि.
सकाळची वेळच वाईट असते तिची. मी सहापासून अंगणात, तुरीच्या शेंगा सोलायचं निमित्त करून, कान मोरीकडे. शो. दारात तांदूळ निवडत होती, निवडलेलेच पुन्हा. सात वाजले. साडेसात. आत खाट करकरली. शो.चा हात सुपात थांबला.
"आई, भूक लागली वं."
काय पाहिजे ते विचारायचं राहिलंच, दोघंही आत पळालो.