डाव्या हाताचा क्लच

१० जानेवारी

ती. ताईंस,

सा. न. वि. वि. पत्राला उशीर झाला म्हणून आधी कान पकडते, मग खुशाली सांगते. आम्ही दोघं ठीक आहोत. तुमच्या भावाचा नवा पाय आता घरातल्या घरात बरा चालतो, आणि जीभ तर पहिल्यापेक्षा जास्त चालते.

काल मागच्या अंगणात रिकाम्या मधपेट्या घासत होते, तर एक भंगारवाला आपल्या जीपभोवती फिरताना दिसला. तुम्हीच तिचं नाव रेडा ठेवलंय, तेव्हा मीही रेडाच म्हणते. ह्यांनीच त्याला बोलावलं होतं, मला पत्ता न लागू देता. मी म्हटलं, गाडी विकायची नाही. तो म्हणाला, मालकांनी बोलावलंय. मी म्हटलं, मालकीण परत पाठवतेय. गेला बिचारा. हे खिडकीतून सगळं बघत होते, पण बाहेर आले नाहीत. 

रात्री जेवताना आपणहून बोलले. म्हणाले, ट्रॉलीखाली डावा पाय गेला त्याचं आता काही वाटत नाही, पण ह्या नव्या पायाला क्लच कुठे धरतो आणि कुठे सुटतो ते कळतच नाही. असा माणूस भरल्या पेट्या घेऊन चढावर गेला तर माश्यांसकट दरीत जाईल. म्हणून गाडी विकायची आणि पेट्याही. मी सपाटीला गाडी चालवते, पण त्या चढावर माझी छाती होत नाही. गेल्या वर्षी अर्ध्यातून परत फिरले. भाड्याचा टेम्पोवाला डांबरी सडक संपली की पुढे यायला तयार नाही. खालचा फुलोरा मार्चअखेर वाळला, पेट्या वर डोंगरातल्या फुलोऱ्याला नेता आल्या नाहीत आणि निम्म्या वसाहती उपाशी मेल्या. यंदाही तसंच झालं तर विकायलाही काही उरणार नाही.

तुम्ही इतकी वर्षं लेथवर काय काय घडवता. क्लच पायाऐवजी हाताने दाबता येईल असं काही करता येईल का? वेड्यासारखं विचारत असेन तर स्पष्ट सांगा. लोभ आहेच, त्यात थोडी भर घालावी.

आपली,
धाकटी


१८ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. भंगारवाल्याला परत पाठवलंस म्हणून एक जास्तीचा.

वेड्यासारखं काही विचारलेलं नाहीस. मोटरसायकलचा क्लच हातानेच दाबतात, त्यांना कुणी वेडं म्हणत नाही. गिअरच्या दांड्यावरच एक मूठ बसवायची. मूठ आवळली की तेल नळीतून पुढे जाईल आणि पायाचं काम करेल. त्याच हाताने गिअर टाकायचा, मूठ सैल सोडायची. उजवा हात स्टिअरिंगवर, उजवा पाय ब्रेकला आणि ॲक्सिलरेटरला. डाव्या पायाने आरामात बसावं, आयुष्यभर तो दुसऱ्यांच्या कामात लुडबुडच करत होता. कच्चं चित्र सोबत पाठवते.

पण हात बदलण्याआधी हाडं बघ. रेडा तीस वर्षांचा आहे. तुमच्या फिटरला चेसिसवर हातोडी मारत जायला सांग. खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तिथे गंजाने खाल्लंय असं समज. तिथलं पत्र्याचं ठिगळ मला चालायचं नाही, कुजलेला भाग कापून नवा जोडायचा. मागचे स्प्रिंगचे पाटे बदल, भरल्या पेट्यांखाली ते कधीचेच बसलेत. चारही चाकं जोडणारा दांडा हलतो का पाहा. ब्रेकबद्दल मी काही बोलत नाही, कारण बोलले तर पत्रात शिव्या येतील.

आणि माझ्या भावाशी, बाळाशी, भांडू नकोस. तो लहानपणापासून असाच. आधी नाही म्हणतो, मग कडेला उभा राहून चुका काढतो, आणि शेवटी सगळ्यांच्या हातून काम काढून घेतो. आपण दुसऱ्या पायरीची वाट बघायची.

थंडीत खोकला सांभाळ. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
ताई


६ फेब्रुवारी

ती. ताईंस,

सा. न. वि. वि. तुमचं भाकीत खरं ठरलं, पण क्रमाने सांगते.

फिटरने रेडा चार ठोकळ्यांवर चढवला. पुढून हातोडी मारत गेला तोवर घंटा वाजावी तसा आवाज, आणि मागच्या आडव्या पट्टीवर आल्यावर हातोडीच आत गेली. मला रडू यायचं बाकी होतं. फिटर मात्र खूश. म्हणाला, रोग सापडला म्हणजे अर्धं काम झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी कापली, नवी जोडली, आणि सांध्यावर मला उभं राहून उड्या मारायला लावल्या. नवे पाटे बसले तेव्हा गाडीचं मागचं अंग असं वर आलं की रेडा पहिल्यांदाच ताठ उभा दिसला. चारही चाकांचा दांडा गंजून जाम झाला होता. मी रोज सकाळी त्यावर तेल सोडायचे आणि दोन्ही हातांनी हलवून बघायचे. परवा तो कुरकुरला आणि सुटला. मी एकटीच होते, तरी मोठ्याने हसले.

हे इतके दिवस अंगणाकडे पाठ करून बसायचे. तुमचं चित्र मी जेवणाच्या टेबलावर ठेवून दिलं होतं. काल भाजी निवडून आत आले तर हे चष्मा लावून त्यावर वाकलेले. मला बघून चित्र बाजूला सरकवलं. मग पाणी प्यायले. मग म्हणाले, ताईला लिही, चढावर गाडी थांबली तर डावा हात मुठीवर, उजवा स्टिअरिंगवर. हँडब्रेक सोडायला तिसरा हात ती लेथवर बनवून पाठवणार आहे का? मी म्हटलं, मला काय कळतं, तुम्हीच लिहा. नाही म्हणाले. पण झोपेपर्यंत बोटांनी टेबलावर गिअर टाकत होते.

ताई, ह्यांचं म्हणणं खरं आहे का? खरं असेल तर मला भीती वाटते, आणि खोटं असेल तरीही वाटते. उत्तर लवकर धाडावे, ही विनंती आणि थोडा हट्टही.

आपली,
धाकटी


११ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद, आज घाईत.

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तीन दिवस डोकं खाजवलं. उपाय हाताच्या ॲक्सिलरेटरचा. डॅशबोर्डवर एक खुंटी, ती ओढली की इंजिन ठरावीक वेगाने फिरत राहील. मग उजवा पाय ब्रेकवरच ठेवायचा, मूठ हळूहळू सोडायची, गाडीने ओढ घेतली की पाय उचलायचा. हँडब्रेक लागणारच नाही. त्याला वाचून दाखव आणि यात काय चूक आहे ते विचार. चूक काढता आली नाही तर तो दिवसभर तोंड पाडून बसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

कारखाना बंद ठेवून मी स्वतः सामान घेऊन येते. अंथरूण बाहेरच्या खोलीत घाल, मी घोरते.

तुझी,
ताई


४ मार्च

ती. ताईंस,

सा. न. वि. वि. तुम्ही गेल्यापासून घर इतकं शांत आहे की चुकल्यासारखं वाटतं. त्या दिवसांत तुम्ही दोघं भांडलात तेवढी भांडणं आमच्या सगळ्या संसारात झाली नसतील. नळी कुठून न्यायची यावरून तर मला वाटलं, आता फिटरही घर सोडून पळणार. पण तुम्ही बसमध्ये बसल्यावर हे बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे होते, तेही तुम्हाला कळावं.

आता वाईट बातमी. तुमच्यासमोर अंगणात मूठ छान चालली. पण दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या मैदानावर नेली, तर काही फेऱ्यांतच ह्यांचा हात भरून आला. मूठ फार जड. शेवटी बोटं उघडेनात, गाडी आचके देऊन बंद पडली. तिथेच उतरले आणि काठी टेकत घरापर्यंत चालत आले. मी मागून गाडी आणली. दोन दिवस दाराला कडी. मी बाहेरून एकदाच बोलले. म्हटलं, भंगारवाल्याला बोलवायचं असेल तर बोलवा, या वेळी मी अडवणार नाही, मीही थकले.

ताई, ते मी मनापासून बोलले होते. पण सकाळी उठले तर हे घरात नाहीत. फिटरकडे सापडले, एका मोडक्या टेम्पोखाली, नवा पाय बाहेर काढून ठेवलेला. त्या टेम्पोच्या ब्रेकचा बूस्टर काढत होते. म्हणाले, इंजिनच्या ओढीने जो ब्रेक हलका होतो, त्याच ओढीने क्लच का नाही होणार? ताईने एवढं घडवलं, हे तिच्या लक्षात कसं आलं नाही? असं म्हणताना चेहरा असा उजळला होता की मी तुमची बाजू घेतली नाही. माफ करा.

बूस्टर बसला. आता मूठ माझ्याही बोटांनी सहज दाबली जाते. आम्ही अर्ज केला होता, म्हणून काल अशा बदललेल्या गाडीचा परवाना देणारे साहेब येऊन गेले. मैदानाच्या बांधावर, चढावरच त्यांनी गाडी थांबवून पुन्हा उचलायला लावली. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा म्हणाले की आता तुमच्यासाठी नाही, मला बघायला मजा वाटते म्हणून. शिक्का मारून गेले.

पेट्या वर न्यायचा दिवस जवळ येतोय. हे दिसायला निवांत आहेत, पण रोज चाकांतली हवा तपासतात. इथे माया भरपूर आहे, तुमची पाठवाल ती वर रचून ठेवू.

आपली,
धाकटी


२९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. अक्षर माझं आहे, दचकू नकोस. धाकटी म्हणाली, आता तुम्हीच लिहा, मी तुमची कारकून नाही.

पेट्यांची दारं आदल्या संध्याकाळी बंद केली, जाळ्या लावल्या आणि पहाटे निघालो. ही शेजारी बसली. मागे पेट्या गुणगुणत होत्या. डांबरी संपते तिथे गावातली दहाबारा माणसं दोर घेऊन उभी होती. रेडा अडला तर ओढायला, असं म्हणाले. मनाने चांगली माणसं. पण त्यांच्या डोळ्यांत मी आधीच अडलेलो होतो. मी उतरलो नाही, नुसता हात केला आणि चारही चाकं जोडली.

पहिली दोन वळणं सोपी गेली. तिसऱ्या वळणावर पावसाने वाट खाल्ली आहे, एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. बरोबर तिथे डावं मागचं चाक घसरलं आणि गाडी बंद पडली. ब्रेकवर पाय दाबून धरला. खालून कुणीतरी ओरडलं की येतो, येतो. धाकटीने दाराची कडी दोन्ही हातांनी धरली होती.

मूठ आवळली. इंजिन सुरू केलं. खुंटी ओढली, आवाज चढला. मग मूठ सोडत गेलो, अगदी केसभर, केसभर. ताई, पायाने क्लच सोडायचो तेव्हा मला कधी कळलं नव्हतं ते आता बोटांना कळलं. गाडीने ओढ घेतल्याची थरथर मुठीतून मनगटात आली. पाय उचलला. रेडा मागे एक बोटही आला नाही. दगडावर चढला, पाटे कण्हले, आणि आम्ही वळणाच्या वर होतो. दोरवाले धापा टाकत तिथे पोचले तोवर आम्ही पुढच्या वळणाला लागलो होतो. ही आरशात बघून इतकी हसली की तिला खोकलाच आला.

वर सगळा उतार फुललाय. पेट्या मांडल्या, जाळ्या काढल्या. पहिली माशी दाराशी येऊन जरा थांबली, मग गेली, आणि मग सगळ्याच निघाल्या. मी नव्या पायावर उभा राहून बघत होतो. दुखत होता, पण बसावंसं वाटलं नाही.

एका खेपेत सगळ्या मावल्या नव्हत्या, म्हणून दुसऱ्या पहाटे उरलेल्या नेल्या. डांबरी संपली तिथे पोचलो. पहिल्या दिवशी इतकी गर्दी होती, त्या दिवशी एक माणूस नव्हता. दोर नाही, काही नाही. एक गुराखी भेटला, त्याने मान वर करून बघितलं आणि गुरं बाजूला घेतली, कुठल्याही गाडीसाठी घेतो तशी. ताई, या सगळ्यात मला तेच जास्त आवडलं.

तुझा,
बाळ