ढमीचं वजन

३ मार्च
ढमीला आज अंडंही नको! महिन्याभरापूर्वी स्वतःचं संपवून माझ्या ताटावर धाड घालायची. आज ओठ घट्ट मिटून, मान फिरवून बसली. पावणेदोन वर्षांचं कार्टं आणि नखरे महाराणीचे! बायको एक घास घेऊन तीन खोल्या तिच्यामागे फिरली. शेवटी घास खाल्ला कुणी? मी.

५ मार्च
सासूबाई अवतरल्या. बॅग खाली ठेवायच्या आत निकाल दिला — "पोरगी तुमच्यावर गेलीय, जावईबापू. समोर आलं की नावं ठेवायची." मग म्हणे, "माझ्या हातचं खाईल बघा." बघितलं. बटाटा थेट सासूबाईंच्या चष्म्यावर! मी हसलो नाही. म्हणजे तोंड फिरवून हसलो.

७ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे. महिन्यापूर्वी, लसीच्या वेळी, अकरा किलो दोनशे भरली होती. आज म्हणे दहा चारशे. "आठशे ग्रॅम कमी, हे बरं नाही. रक्त तपासून घ्या."

रक्त! आणि बाईंचा तो काटा बघितलाय का कुणी? पिवळा पडलेला, एका पायाखाली कागदाची घडी. अठरा वर्षं काटे दुरुस्त करतोय मी. असल्या डबड्यावर कांदेसुद्धा तोलणार नाही. "आधी काटा तपासा, मग पोरीचं रक्त काढा," म्हणालो. बायकोनं टेबलाखालून चिमटा काढला. काढू दे.

८ मार्च
दुकानातून काटा घरी आणला. एका गिऱ्हाईकानं टाकून दिलेला, मी स्वतः दुरुस्त केलेला. ढमी — अकरा शंभर! महिन्याला शंभर ग्रॅमचा फरक, आणि तेवढ्यासाठी पोरीला सुया टोचायच्या? शिकलेल्या लोकांची अक्कल ही!

"झालं समाधान?" बायकोला विचारलं.
"अहो, तिचे दंड बघा ना."
दंड काय बघायचे? आकडा बघा की!

११ मार्च
आज अकरा. शंभर ग्रॅम म्हणजे एक शी. हे बायकोला सांगितलं तर दिवसभर अबोला. शांतता मिळाली.

१२ मार्च
दूध तीन घोट. केळं बोटभर. भात फरशीवर.

१४ मार्च
घास तोंडात धरून तशीच झोपली. भर दुपारी, माझ्या मांडीवर. नाटकी कुठली! बायको रडायला लागली — "उद्या मी एकटी नेते तिला तपासायला." सासूबाई आतून, "ने बाई, ने. ह्यांना काट्यापुढे माणूस दिसत नाही."

बास झालं. म्हटलं, उद्या आधी मी जातो. तपासणीची वजनं घेऊन, चार लोकांसमोर दाखवतो बाईंचा काटा किती खोटा आहे ते. मग बघू कोण कुणाचं रक्त काढतं.

१५ मार्च, सकाळ
गेलो. बाहेर पाच-सहा आया पोरं घेऊन बसलेल्या. बरंच झालं, म्हटलं, साक्षीदार. वजनांची पेटी उघडली. एक किलो ठेवलं — एक. पाच — पाच. दहा — दहा. पायाखालची कागदाची घडी काढून वजन ठेवलं, घडी परत घालून ठेवलं. दहा म्हणजे दहा.

डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून उभ्या. "झालं?"
"झालं. बरोबर आहे तुमचा."
"मग पोरगी कुठाय?"

१५ मार्च, दुपार
घरी आल्या आल्या दहा किलोचं वजन आमच्या काट्यावर ठेवलं. दहा किलो सहाशे सत्तर. उचललं, परत ठेवलं. सहाशे सत्तर. गावातल्या प्रत्येकाचा काटा वजन लावून तपासला. हा माझ्या हातचा, म्हणून ह्याला एकदाही लावलं नाही.

बायको दारात उभी होती. आकडा तिनंही वाचला. ढमीला खांद्यावर घेतलं, चपला घातल्या आणि निघाली. मी मागे धावलो. जिन्यात गाठलं. "थांब, दे इकडे, मी घेतो तिला."

"नको," म्हणाली. "जड कुठंय ती?"