सोजराबाईंचं कासव

२ फेब्रुवारी, अमडापूर
धाडहून जीपने आलो, पेटी खोलीत टाकली आणि आधी इन्व्हर्टरच्या बॅटरीतले पाणी पाहिले. कमी होते. घरमालक महादेवराव म्हणाले, रंगराव, तुम्ही आले, आता मले काही पाहा लागत नाही. मोटार, कॅमेरे, इन्व्हर्टर, सगळे माझ्या ताब्यात. डिप्लोमावाले इथे येऊन पळाले म्हणे. मी जे शिकलो ते खोलून शिकलो. त्यांचा मुलगा अविनाश पुण्याला. त्याने पाठवलेले झाडणारे यंत्र बैठकीत फिरते, थाळीएवढे गोल. महादेवरावांच्या मंडळी, सोजराबाई, त्याला कासव म्हणतात. लकव्यापासून त्यांचा डावा पाय फरफटतो. यंत्र जवळ आले की काठी आपटतात. हे मेलं मलेच पाहून राह्यलं, म्हणतात. खोली झकास. खिडकीतून हरभरा दिसतो.

५ फेब्रुवारी
कासवाचा लगाम घरात नाहीच. बटण दाबले की हुकूम आधी कंपनीच्या सर्व्हरला, तिथून परत इथे. घराचा नकाशासुद्धा तिकडेच. अविनाश पुण्यात बसून मोबाइलवर ते फिरवतो, थांबवतो. माझ्या ताब्यातल्या घरात परक्याचे यंत्र? मला पटणारे नाही.

९ फेब्रुवारी
जमले. झाकण खोलून बोर्डावर तार टेकवली, कंपनीचे सॉफ्टवेअर पुसले, इंटरनेटवरचे मोकळे, कोणाच्याही सर्व्हरला न विचारणारे भरले. आता ते फक्त माझ्या लॅपटॉपचे ऐकते. अविनाशला सांगितले नाही. नको म्हणाला असता.
महादेवराव शेतात गेल्यावर चाचणी म्हणून ते सोजराबाईंच्या पायांमागे सोडले. ओट्यापर्यंत पळाल्या, फरफटत. काऊन बे छळतो मले, म्हणून ओरडल्या. हसू आवरेना. वळण अचूक घेते.
संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितले. बुढीले आता झाडूचंही भ्या वाटते, म्हणून ते हसले. मीही.

१६ फेब्रुवारी
आज कासवाने त्यांना बैठकीच्या कोपऱ्यात गाठले. त्या खाली बसल्या, उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय होतेच. यंत्र पुसून जागेवर लावले.

२६ फेब्रुवारी
काल दहावा. त्या कोपऱ्यात दिवा लावला, शेजारी जमिनीवर पीठ सारखे करून पसरले. सकाळी पिठात ज्याचे पाऊल उमटेल, त्याच्या जन्माला जीव गेला असे मानतात. कासव तिकडे जाऊ नये म्हणून अविनाशने मोबाइलवर त्या जागेभोवती रेघ मारली. रेघ गेली कंपनीकडे. कासवाला कशी कळणार? पहाटेची फेरी मीच लावलेली. काढायला विसरलो. मी, आणि विसरलो!
सर्वांत आधी उठलो. अर्धे पीठ गायब, उरलेल्यात चाकांचे दोन माग. ते मोडले, नवे पीठ भुरभुरले आणि काडीने चिमणीचा पाय काढला, मागच्या नखीसकट. महादेवराव रडत म्हणाले, चिमणी झाली वो माही सोजरा, सुटली बिचारी. अविनाशने फोटो काढला. कोणाला शंका नाही. काम सफाईचे होते.

२ मार्च
बापलेक पुण्याला गेले. घर माझ्यावर. कासव सरळ जात नाही, डावे चाक फरफटते. दोनदा खोलले. केस नाही, धागा नाही. मोटार उत्तम.

४ मार्च
सगळ्या फेऱ्या पुसल्या. तरी निघते. आधी देवघर, मग ओटा, मग त्यांचा पलंग. त्यांचाच क्रम. बॅटरी काढून कपाटात ठेवली. दुपारी ताटावर बसलो आणि मागे फरफट —

५ मार्च
चिमणीचा पाय मी काढला. चाकांचे माग मी काढले नव्हते. ते खरे उमटलेले.

६ मार्च
माझ्या पायांमागे. वळण अचूक. बैठकीत पडलो. खुबा मोडला असावा. खिशात ही वही आणि पेन्सिल तेवढी आहे. फोन ओट्यावर वाजतो. अविनाश असेल. थांबवायचे बटण त्याच्याकडे होते. मीच ते —
काऊन छळता बाई, असे कोणीतरी म्हणाले. मीच.

दुपार
तोच कोपरा. भोवती फिरते. पोटातले पीठ बाहेर टाकते. सारखे करते. अगदी सारखे.
मी अजून जिवंत आहे. सांगितले तिला. ती थांबून पाहते —
हात टेकला. पिठात बोटे उमटली नाहीत. बारीक नख्या, उंदराच्या. मागे शेपटीची रेघ. हात उचलला, आणि तो —