टाचेखालची हाक

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची. भाचीने ही वही हातात दिली. म्हणाली, आत्या, दिवसभर कुणाशी बोलणार तू, लिहीत जा. सातवीपर्यंत शिकलेय, तेव्हा शुद्धलेखन तपासायला कुणी येऊ नये.

घर झकास आहे. पुढची खोली धाकट्या भावाची, मधली माझी, मागे स्वयंपाकघर. जमीन सगळी लाकडी फळ्यांची, खाली हातभर पोकळी. कुणी चाललं की अंगाला कळतं. मला तेच आवडलं. उभा जन्म मागाच्या शेडमध्ये गेला, कान तिथेच ठेवून आले, पण पाय शाबूत आणले. कुठल्या मागाचा धोटा अडकला ते मुकादमाच्या आधी माझ्या तळव्याला कळायचं.

धाकट्याची लकव्याने एक बाजू गेली आणि वाचाही गेली. लहानपणी त्याला ढोल्या म्हणायचो. आता उचलला तर उशी उचलल्यासारखा वाटतो. मला ऐकू येत नाही, त्याला बोलता येत नाही. भाची म्हणाली, जोडी छान जमली. मी म्हटलं, भांडणं तरी होणार नाहीत. तो अर्ध्या तोंडाने हसला.

आमचं ठरलं ते असं. त्याच्या चांगल्या हाताशी काठी. एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे ये. मला कळलं की मी जागेवरूनच टाच आपटायची, म्हणजे आले रे बाबा. मग तो ठोकत बसत नाही. करून दाखवलं तर भाचीचे डोळे भरले. मी म्हटलं, गळतेस काय, चहा टाक.

गुरुवार, ७ तारीख

बस्तान बसलं. सकाळी त्याला पुसून काढते, कूस बदलते, भरवते. दुपारी दोघंही लोळतो. काठी वाजते, टाच वाजते, चाललंय.

दूधवाला माझ्या तोंडासमोर येऊन बोंबलतो. त्याला सांगितलं, ओरडू नकोस, ओठ नीट हलव, मी बहिरी आहे, लांब नाही. शेजारीण तोंडावर हात ठेवून बोलते. काय म्हणालात विचारलं की म्हणते, जाऊ द्या, काही नाही. हे ‘काही नाही’ मी आयुष्यभर ऐकलंय, म्हणजे पाहिलंय. अख्खं जग बोलून घेतं आणि आपल्या वाटणीला ‘काही नाही’ येतं.

रविवार, १० तारीख

भाची येऊन गेली. ती नोकरीच्या गावी राहते, रविवारीच येते. कानाचं मशीन का घालत नाहीस म्हणून भुणभुण. अगं, त्यात ताटली ठेवली तरी डोक्यात घण पडतो, आणि माणसाचं बोलणं तेवढं कळत नाही. ठेवलंय कपाटात, खात नाही काही.

धाकटा जरा गप्प वाटला. आधी काय बोलत होता म्हणा. पण नजर सारखी खाटेखाली. मला वाटलं भांडं हवंय. दिलं तर ढकललं.

मंगळवार, १२ तारीख

भांडी घासत होते. दोन ठोके. टाच आपटून गेले तर हा गाढ झोपलेला, काठी खुंटीला. मीच टांगली होती, झाडताना.

उठवून झापला, या वयात टिंगल सुचते का म्हणून. त्याने मान हलवली, मी नाही, मी नाही. मग माझा पाय धरला. टाच धरली. घट्ट. सोडेचना.

गुरुवार, १४ तारीख

मी फाजील लाड करणारी नाही. सरळ काठी स्वयंपाकघरात आणून ठेवली. कणीक मळता मळता ठोका. माझ्या पायाखालीच. सवयीने टाच आपटली. थांबला. परत नाही आपटली, तर परत सुरू.

म्हणून मशीन काढलं, घातलं. नळाचं टपटप ऐकू आलं, कावळा आला, माझ्याच चपला आल्या. ठोका पायात येत होता, कानात नाही. काहीच आवाज नाही.

म्हणजे कुणाला सांगू. ऐकू येणाऱ्यांना हे ऐकूच येणार नाही.

शुक्रवार, १५ तारीख

भाचीला फोनवर लिहून कळवलं. तिने लिहिलं, कान गेलेल्यांना भास होतात, डॉक्टर म्हणतात. मी लिहिलं, कान गेलेत, पाय नाही गेले. मग तिने लिहिलं, रविवारी सुताराला आणते. समजूत काढायला आणतेय ते कळलं मला.

रविवार, १७ तारीख

सुतार मोठा गप्पिष्ट. मागच्या अंगणातलं पोकळीचं झाकण काढून हसत हसत खाली शिरला. उंदीर असेल, मावशी, तुमच्यासाठी पकडून आणतो, असं म्हणाला, तेवढं ओठांवर दिसलं.

बाहेर आला तेव्हा हसत नव्हता. माझ्याकडे पाठ करून भाचीशी बोलला. मला पाठ दिसत होती आणि भाचीचा चेहरा. मी मध्ये जाऊन उभी राहिले, विचारलं, काय म्हणाला. भाची म्हणाली, काही नाही, आत्या.

मी म्हटलं, मी इथे राहते, मला सांग. तिने पुन्हा ओठ हलवले. काही नाही.

त्याने झाकणावर खिळे मारले. एकदा मारले, परत मारले. दगड घेऊन मारले. हातोडा खाली राहिला त्याचा. आणायला गेला नाही.

भाची म्हणाली, आठवडाभरात दुसरी जागा बघते. म्हणजे काहीतरी होतं. मग आजच ने म्हटलं. धाकट्याला असं लगेच कसं हलवणार, म्हणाली. बरोबरच आहे तिचं.

सोमवार, १८ तारीख

ठोका बदललाय. आधी बोथट होता. आता टोकदार. लोखंडाचा.

टाच आपटणं बंद केलं. मीच शिकवलं त्या खालच्याला. हाक मारली की ही बाई उत्तर देते, हे मीच शिकवलं.

आता दोरी. धाकट्याच्या मनगटाला एक टोक, माझ्या कमरेला दुसरं. त्याने ओढलं तरच जायचं. काठी त्याला परत दिली, हातात काही हवं म्हणून रडत होता. सांगितलं, ठोकू नकोस, ओढ. ठोक्याला मी येणार नाही. मान हलवली. करून बघितलं, दोरी नीट ओढली जाते. भरवलं. जेवला बिचारा.

मंगळवार, १९ तारीख

ठोके. दुपारी. खूप. एकावर एक. फळ्या अशा थरथरत होत्या की बोथट की टोकदार ते कळेना.

मी गेले नाही. दोरी ढिली होती. ओट्याला धरून उभी राहिले. म्हटलं, ठोक किती ठोकतोस ते. टाच उचललीसुद्धा नाही.

मग थांबले.

बऱ्याच वेळाने दूध घेऊन गेले. मधलं दार लावलेलं. मीच लावलं होतं, वाऱ्याने आपटत होतं म्हणून. दोरी दारात चिमटलेली. पलीकडे ताणलेली, अलीकडे ढिली.

तो खाटेवरून अर्धा खाली. तोंड निळं. घास की कफ, माहीत नाही. हातात काठी. काठीचं टोक चेचलेलं —

तो होता. तोच होता.

गुरुवार, २१ तारीख

नेलं त्याला. माणसं आली, ओठ हलवून गेली. भाची म्हणाली, तुझी चूक नाही, आत्या. हे मात्र सावकाश म्हणाली, नीट कळेल असं.

सुतार काय म्हणाला होता ते पुन्हा विचारलं. तिने तोंड फिरवलं.

शुक्रवार

भाची संध्याकाळी न्यायला येणार. पिशवी भरली. दाराशी बसलेय.

ठोके. दोन.

पुढच्या खोलीत. खाटेखाली. काठी तर त्याच्याबरोबर गेली.

टोकदार नाही आता. बोथट. काठीचा. त्याची लय, पहिला जोरात, दुसरा दमलेला —

तेच

जाऊन पाहिलं. खाटेखालच्या फळ्यांचे खिळे वर आलेत. बोटभर. खालून एकेक —

पळायला हवं. कळतंय मला. दार उघडंच आहे.

दोन. परत दोन. ये.

तो असेल तर. एकदा नाही गेले. तो ठोकत राहिला आणि मी ओट्याला धरून —

तो नसेल तरी. असेल तर?

खाटेशी उभी आहे. उभ्यानेच लिहितेय. टाच आपटली. आले रे बाबा.

थांबलं.

आता खालून टाच. एकच. माझ्या टाचेला लागू —