हृदय वगळून बाकी सगळं

मी, धंद्याने लिफ्ट मेकॅनिक, वय अठ्ठावन्न, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या अक्षरात, राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. मला कुणी दम दिलेला नाही आणि मस्काही लावलेला नाही. मस्का लावावा एवढं माझ्याकडे नाहीच. याआधी मी मृत्युपत्र केलं नव्हतं, कारण मरायची एवढी धास्ती नव्हती.

धास्तीचं कारण आधी सांगतो, नाहीतर पुढची कलमं कुणाला कळायची नाहीत. साठ पूर्ण झाली की निवृत्तांच्या सरकारी योजनेत माझा दवाखान्याचा खर्च बसतो. तोवर कंपनीचा विमा होता. गेल्या वर्षी मालकांनी कंपनी विकली आणि पगाराबरोबर विमाही बंद झाला. साठीच्या अलीकडचा हा तुकडा मला स्वतःचा विमा घेऊन पार करायचा होता. तो काही मिळाला नाही.

कलम एक. माझा मोबाइल मेहुण्याला द्यावा. तो विमा एजंट आहे, फोनवर कसं बोलावं हे त्याला कळतं. अर्ज त्यानेच भरला होता. विमा कंपनीचा तपासणीचा फोन यायच्या आधी त्याने मला बजावलं होतं, "भावजी, हो किंवा नाही. तिसरा शब्द तोंडातून काढायचा नाही." पण आमच्या धंद्याची सवय निराळी. लिफ्टमध्ये बारीकसा आवाज जरी आला तरी तो ताबडतोब सांगायचा. लपवणाऱ्याबरोबर आम्ही काम करत नसू. फोनवरच्या मुलीने विचारलं, "श्वासाचा काही त्रास?" मी सगळं सांगितलं. तीन जिने चढलो की एक ठोका चुकतो, मग दोन भरभर पडतात, डाव्या कुशीवर झोपलं की जास्त. ती गोड आवाजात "आणखी काही?" म्हणत गेली आणि मी सांगत गेलो. मला वाटलं, आवाज सांगितलाय, आता दुरुस्तीला कुणीतरी येईल. आला तो नकार.

मेहुण्याचं काही चुकलं नव्हतं. पण तेव्हापासून तो सगळ्या नातेवाइकांत मला "सत्यवादी" म्हणतो, ते मी विसरलेलो नाही. फोनबरोबर चार्जर देऊ नये.

कलम दोन. बँकेत जे उरेल ते मुलीला. उरेलच असं नाही. दुसऱ्या विमा कंपनीने आधी हेच विचारलं, "यापूर्वी कुणी नाकारलंय का?" मी हो म्हणालो, तिथेच विषय संपला. तिसरी कंपनी घ्यायला तयार होती, हृदय वगळून बाकी सगळं. म्हणजे पायाचं नख दुखलं असतं तर माझी बडदास्त ठेवली असती. हृदयासाठी म्हणे चार वर्षं थांबा. चार वर्षांनी मी बासष्टचा. तेव्हा मला तुमची गरज काय? आणि हप्ता असा की तो भरल्यावर घरात चूल पेटायची नाही. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "काका, तुम्ही तिशीतच यायला हवं होतं." तिशीत मी त्यांच्याच इमारतीची लिफ्ट बसवत होतो.

पोरी, "बाबा, हप्ता मी भरते" असं तू म्हणालीस. म्हणालीस तेवढं मला पुरे आहे. तुझ्या लेकरांच्या तोंडचं काढून मला जगायचं नाही.

कलम तीन. निरोपाच्या वेळी मालकांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांना परत पाठवावं. पाठवायचा खर्च त्यांनीच द्यावा.

कलम चार. हत्यारांची पेटी माझ्या कामावरच्या जोडीदाराला, ज्याला आम्ही सगळे बॅटरी म्हणतो, कारण भर दुपारीही त्याच्या खिशात ती असतेच. पान्यांचा जुना सेट मुळात त्याचाच आहे. तो हे वाचून शिव्या देईल, त्या मला पोचल्या असं समजावं.

पेटीतला लांब स्क्रूड्रायव्हर मात्र पत्नीला. त्याचं टोक मोटरला टेकवून मूठ कानाला लावली की आतलं बेअरिंग कसं चाललंय ते ऐकू येतं. हृदयाची झडप बदलायला हवी असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी तिने तो माझ्या छातीला लावला. तोही उलटा, मूठ छातीला आणि टोक कानाला. मी ओरडलो, "अगं, कान फुटेल!" ती म्हणाली, "गप्प बसा हो, ऐकू द्या." मग म्हणाली, "छान तर चाललंय. उगाच घाबरवतात मेले." आयुष्यात तिने कधी बेअरिंग ऐकलेलं नाही.

कलम पाच. घर. दोन खोल्या, दोघांच्या नावावर. माझा हिस्सा पत्नीला.

ऑपरेशनला जेवढा खर्च सांगितलाय तेवढीच या घराची किंमत येते. डॉक्टरांना विचारलं, साठीपर्यंत ढकलता येईल का? ते म्हणाले, "ते तुमच्या हातात नाही आणि माझ्याही." मी साठीच्या आत पटकन गेलो, तर वर लिहिलेलं ज्याचं त्याला मिळेल. पण जायच्या आधी महिनाभर जरी दवाखान्यात पडलो, तर हा कागद चण्याची पुडी बांधायच्या लायकीचाही राहणार नाही. म्हणून मला इथे अट घालायची होती की माझ्या उपचारासाठी हे घर विकू नये. वकीलबाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं. त्याआधीचं त्यात लिहून उपयोग नाही." मला तर त्याआधीचंच लिहायचं होतं. आता नुसती विनंती म्हणून लिहितो: विकू नकोस. म्हातारपणी तू कुठे जाशील, या विचाराने माझा जीव कासावीस होतो.

विक्रीच्या कागदावर मी सही करणार नाही, असं मी तिला आत्ताच, सहीसाठी येऊन बसलेल्या दोघा साक्षीदारांसमोर सांगितलं. ती म्हणाली, "बेशुद्ध पडलात की अंगठा घेईन." मी म्हणालो, हे गुन्ह्यात बसतं. ती म्हणाली, "बसू दे."

मग तिने माझा उजवा हात ओढून घेतला आणि अंगठा उजेडात धरला. दोर आणि ग्रीस यांनी त्यावरच्या रेषा कधीच्या पुसल्यात. "हा तर उमटायचाही नाही," ती म्हणाली, आणि रडायला लागली. बॅटरी खिडकीबाहेर बघत बसला.

तिने हात अजून सोडलेला नाही. म्हणून तिने हात ओढला तिथपासूनच्या ओळी आणि खालची सही डाव्या हाताची आहे. वेडीवाकडी असली तरी ती माझीच आहे, याला दोघे साक्षीदार साक्षी आहेत.

सही: (डाव्या हाताने) लिहून ठेवणार

साक्षीदार १: बॅटरी, लिफ्ट मेकॅनिक
साक्षीदार २: खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई

स्थळ: राहतं घर, अजून आमचंच
दिनांक: ४ मार्च, साठीला दोन हिवाळे बाकी