वासुदेव रिसबूड यांच्यासाठी ठेवलेले पाकीट

मी, मृणालिनी संजीव खांबेटे, वय ५९, राहणार अ‍ॅमस्टेलव्हीन, नेदरलँड्स, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे. आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, गेल्याच महिन्यात तपासली. इथल्या घराचे व ठेवींचे मृत्युपत्र नोटरीकडे डच भाषेत झालेले आहे. हे मराठीतले आहे पुण्यातल्या मिळकतीसाठी आणि डच नोटरीला समजावता आल्या नसत्या अशा गोष्टींसाठी.

१. कोथरूडचा फ्लॅट माझी एकुलती मुलगी स्वानंदी हिला द्यावा. ती लायडनला प्रयोगशाळेत असते. मराठी सगळे समजते, उत्तर डचमध्ये देते. फ्लॅट विकला तरी माझी हरकत नाही; त्याआधी आठ दिवस तिथे राहून सोसायटीच्या सेक्रेटरीशी एकदा मराठीत भांडून घ्यावे.

२. निळी सायकल मैत्रीण योगिनी हिला. १९९८ मध्ये मी संजीवच्या व्हिसावर आयंडहोव्हनला आले, तेव्हा तिनेच मला सायकल शिकवली. पुण्याची असून मला सायकल येत नव्हती, हे तिने आजवर कोणाला सांगितलेले नाही.

३. कामाचे साहित्य. पंधरा वर्षे मी कंपन्यांना कामाची संस्कृती कशी बदलावी याचा सल्ला देत आले. साहेबाच्या तोंडावर ‘हे चुकतंय’ म्हणता यावे, एवढाच त्याचा अर्थ. सभा सुरू करायची पितळी घंटा माझी सहकारी भार्गवी हिला. रंगीत चिठ्ठ्यांची चौदा पाकिटे धाकटे दीर यतीन यांना. भर पंगतीत त्यांनी विचारले होते, “वहिनी, चिठ्ठ्या चिकटवायला लावायचे पैसे देतात तुम्हाला?” देतात, भावजी. आता तुम्ही चिकटवा.

४. मला पहिले काम देणाऱ्या आणि माझ्या अहवालांवर दोन वर्षे स्वतःचे नाव घालणाऱ्या गृहस्थांना काहीही देऊ नये. ते मी त्यांना तोंडावर सांगितलेले आहे.

५. कपाटातले बंद पाकीट माझ्या पश्चात रॉटरडॅमच्या वासुदेव रिसबूड यांना द्यावे. त्यातला मजकूर असा. २०१२ साली आयंडहोव्हनजवळच्या एका यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत मी बारा जणांची बैठक घेतली. खोलीतले बोलणे खोलीतच राहील, असे वचन दिले. वासुदेव माझ्या भरवशावर बोलले, “ताई, आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी चाललंय. दोष यंत्रात आहे आणि साहेब प्रशिक्षण आम्हाला देतायत.” मला म्हण इतकी आवडली, की नाव गाळून ती इंग्रजीत अहवालात घातली. ते स्वतःच ती रोजच्या मीटिंगमध्ये इंग्रजी करून सांगत, हे मला ठाऊक नव्हते. साहेबाने वाचताक्षणी ओळखले. वासुदेवांचा करार पुढे वाढवला नाही.

त्यांना वाटले, बैठकीत शेजारी बसलेल्या विश्वासने, त्यांच्या मित्राने, चुगली केली. दोघे पाच वर्षे एका घरात राहिलेले, एका डब्यात जेवलेले. तेव्हापासून बोलत नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोर मी होते. वासुदेव मात्र दर गणपतीत मला “ताई, घ्या” म्हणून आग्रहाने मोदक वाढतात. मी खाते. मला त्याची फार लाज वाटते.

सहीपूर्वी केलेला बदल: कलम ५ रद्द. साक्षीदार म्हणून बोलावलेल्या शेजारीण शुभदाने ते वाचले आणि चष्मा काढून ती म्हणाली, “मृणाल, आयुष्यभर लोकांना तोंडावर बोलायला शिकवलंस. आणि तू मेल्यावर बोलणार?” मी तिच्यासमोरच फोन लावला आणि पाकिटातले सगळे सांगितले. वासुदेव म्हणाले, “तुमच्याशी नंतर बोलेन, ताई. विश्वासचा नंबर आहे का तुमच्याकडे? मी पुसून टाकला होता.”

तो मी दिला. पाकीट फाडले. बाकीची कलमे कायम.

वरील मजकूर वाचून, खाडाखोडीसह मान्य करून सही करत आहे.

मृणालिनी संजीव खांबेटे

आमच्यासमोर सही झाली:
१. शुभदा केळकर, शेजारीण (साक्षीदार असल्याने हिला काही ठेवलेले नाही, चहा मिळाला)
२. विवेक मोघे, अ‍ॅमस्टेलव्हीन

स्थळ: अ‍ॅमस्टेलव्हीन
रविवार, १४ ऑक्टोबर २०१८