ज्योतिबाची सात मिनिटं

३ फेब्रुवारी, सोमवार

आज तोंडघशी पडले.

कंबर गेली, वॉर्ड सुटला, आणि कॉलेजनं मला ह्या नव्या कामाला लावलं — खोटे पेशंट लिहायचे. मेडिकलची मुलं खऱ्या माणसाला हात लावण्याआधी खोट्यावर शिकतात. खोटा म्हणजे बाहुला नव्हे. जिवंत माणूस, मी कागदावर लिहीन ते तो करून दाखवतो. मुलानं सात मिनिटांत त्याला विचारून विचारून काय झालंय ते शोधायचं. बावीस वर्षं सिस्टर होते. पेशंट लिहिणं असं काय अवघड, वाटलं होतं.

पहिला कागद देवाप्पांना दिला, पेशंट होऊन बसायचं काम त्यांचं. देवाप्पा होसकोटेच्या कारखान्यात लेथवर तीस वर्षं काढून निवृत्त झाले, मूळचे चिकोडीकडचे. मेडिकलच्या मुलांशी कन्नडमध्ये बोलतात, माझ्याशी आमच्या सीमेवरच्या मराठीत. कागदावर होतं — पुरुष, वय ५८. दहा दिवसांपासून चक्कर व घाम. मधुमेह आहे, बीपी आहे.

त्यांनी वाचलं. कागद उलटा करून मागं बघितलं. मागं कोरं.

"अक्का, ह्यो कोण ओ?"

"पेशंट."

"पेशंट तर हितं आल्यावर झाला. सकाळी उठला तवा कोण होता?"

बसमध्ये आठवत बसले — इतक्या वर्षांत किती माणसं हाताखालून गेली, आणि मला आठवतात ते त्यांचे बेड नंबर.

४ फेब्रुवारी

त्याला नाव दिलं. ज्योतिबा. तेवढ्यानंच कागद जड झाला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दोन रात्री खपून चार पानं लिहिली होती. गाव, पाच भावंडं, बायकोशी अबोला कशावरून, मेथी आवडते, कारलं आवडत नाही, लहानपणी विहिरीत पडला होता — सगळं. वाटलं, आता घ्या म्हणावं.

देवाप्पांनी मन लावून वाचलं. चष्मा काढला.

"एवढं सगळं मी कुठं ठिऊ?"

"तुम्हीच म्हणालात ना, कोण आहे सांगा म्हणून."

"म्हटलं की. पण पायात खडा रुतला की माणसाला विहीर आठवत न्हाई, खडा आठवतोय. त्याला आत्ता काय टोचतंय, तेवढं सांगा."

राग आला. घरी येईपर्यंत होता. मग चारही पानं पुन्हा वाचली आणि खरंच — त्यात खडा नव्हता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सुट्टी टाकून इलेक्ट्रॉनिक सिटीला गेले, मामेबहीण वेदिकाच्या नव्या फ्लॅटवर. गेटवरच्या वॉचमननं रजिस्टर पुढं सरकवलं. नाव, वेळ, फ्लॅट नंबर. घाईत मी वेदिकाच्या फ्लॅटऐवजी आमच्या जे. पी. नगरच्याच घराचा नंबर लिहिला. त्या इमारतीत तसला नंबरच नाही. त्यानं वहीवरून नजर फिरवली, "सरी", ठीक आहे, म्हणाला आणि गेट उघडलं.

लिफ्टमध्ये चूक लक्षात आली. पुढं तासभर वेदिका पडद्यांचे रंग दाखवत होती आणि माझं लक्ष खाली गेटवर. कंटाळला असेल तो. दिवसाला शंभर माणसं येतात, कोण वाचत बसतंय? किंवा —

जाताना विचारावंसं वाटलं. नाही विचारलं. खरं काय ते त्या माणसाचं, त्याच्याजवळच राहू दे. पण ते 'किंवा' माझं आहे. ते मी घेऊन आले. अख्ख्या बसमध्ये मांडीवर पर्स धरून बसले होते, जणू कुणी काढून घेईल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ज्योतिबा वॉचमन आहे. त्याला वाचता येत नाही. येणारे-जाणारे आपापलं नाव स्वतःच लिहितात, त्यामुळे नऊ वर्षांत कुणाला पत्ता नाही. गोळ्या तो रंगावरून ओळखतो. साखरेची पांढऱ्या पाकिटातली, सकाळी. बीपीची निळ्या पाकिटातली, संध्याकाळी. पंधरा दिवसांपूर्वी दुकानदारानं साखरेची गोळी दुसऱ्या कंपनीची दिली. तिचं पाकीट निळं. घरात आता दोन्ही निळी, आणि कधी कधी साखरेची गोळी दोन वेळा जाते. म्हणून घाम. म्हणून चक्कर.

हे कसं सुचलं मला कळत नाही. मी नुसती वॉचमन, वॉचमन म्हणत भाजी चिरत होते, आणि तो खिशातून पाकीट काढून माझ्यापुढं उभा राहिला. कुठून येतात ही माणसं?

देवाप्पांना वाचून दाखवलं.

"हे त्यो सांगणार न्हाई," ते म्हणाले.

"मग मुलांना कळायचं कसं?"

"सांगणार न्हाई. पण लपवताना दिसंल की."

वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. आता काहीही लिहिताना आधी हे बघायचं — हा माणूस काय सांगणार नाही, आणि ते झाकताना त्याचा हात कुठं जातो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली तालीम. आमच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर प्रियदर्शनी येऊन बसल्या. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे, पण स्वल्प कमी करा, सिस्टर. सात मिनिटंच आहेत."

कमी करायला बसलो. एक वाक्य मी फार जपून ठेवलं होतं. मुलानं नेमकं विचारलं की ज्योतिबा म्हणतो, "अक्षरं म्हणजे मला मुंग्यांची रांग दिसते, कुठं चाललीय कळत नाही." चार-पाच दिवस त्या वाक्याच्या आनंदात होते मी.

देवाप्पा म्हणाले, "वाक्य झकास हाय. पण ज्योतिबाचं न्हाई. तुमचं हाय."

"कशावरून?"

"लाज वाटत असली की माणूस असं सजवून बोलत न्हाई ओ. 'रंगावरनं' म्हणंल आन् गप बसंल."

खोडलं. दात काढल्यासारखं दुखलं. मग त्यांनी तेवढा एक शब्द म्हणून दाखवला — "रंगावरनं" — आणि खोलीत जी शांतता झाली ती माझ्या मुंग्यांनी कधीच झाली नसती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

औषधाच्या दुकानात उभी राहून पाकिटांचे रंग बघत होते. दुकानदारानं दोनदा "एन बेकु?" विचारलं. काय हवंय ते मलाच सांगता येईना.

६ मार्च, गुरुवार

परीक्षा झाली.

चौदा मुलं, प्रत्येक खोलीत वेगळा पेशंट, त्यातली एक खोली आमची. मी आणि डॉक्टर प्रियदर्शनी काचेच्या मागं. आम्हाला आतलं दिसतं, ऐकू येतं, आतल्यांना आम्ही दिसत नाही. डॉक्टरांच्या हातात मार्कांची यादी — मीच केलेली.

एकेक मूल आलं. कधीपासून? छातीत दुखतं? सिगारेट? घरात कुणाला? सगळ्यांनी विचारलं, "गोळ्या वेळेवर घेता?" ज्योतिबा म्हणाला, हो. खोटं नव्हतं ते, वेळेवर घेतोच तो. सगळ्यांनी तसंच लिहून घेतलं. प्रत्येक वेळी त्याचा हात शर्टाच्या खिशाकडं जात होता आणि परत येत होता. तेरा जणांना दिसला नाही.

"कुणालाच सापडत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सिस्टर, ही परीक्षा आहे. कोडं नव्हे."

मला वाटलं, संपलं माझं.

शेवटची पवित्रा. हावेरीकडची, फार हळू बोलते. सगळे शिक्षक वैतागतात तिच्यावर. तिची पहिली चार मिनिटं तर नाव-गाव-जेवण यातच गेली. मग तिनं विचारलं, "गोळ्या कोण काढून देतं?"

"मीच घेतो."

"कोणती कुठली, कसं ओळखता?"

ह्या प्रश्नाला त्यानं पाकिटं काढून 'रंगावरनं' म्हणायचं, असं मी लिहिलं होतं. शंभरदा तालीम केली होती. देवाप्पांचा हात खिशात गेला आणि तिथंच राहिला. ते दाराकडं बघायला लागले. दार अर्धवट उघडं होतं, बाहेर पुढच्या खोलीसाठी थांबलेली मुलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "दार लावता काय?"

हे मी लिहिलेलं नव्हतं. कुठंच नव्हतं. पण ते ऐकलं आणि कळलं — दुसरं काही तो म्हणूच शकला नसता. माझ्या माणसाला मी जेवढी ओळखत होते त्याहून तो जास्त होता. काचेवर हात टेकवून उभी राहिले.

पवित्रा उठली. दार लावलं. आपली खुर्ची उचलून टेबलाच्या ह्या बाजूला, त्याच्या शेजारी ठेवली. बसली. नुसती थांबली.

घंटा वाजली.

निदान केलं नाही — शून्य. सल्ला दिला नाही — शून्य. दहापैकी तीन मार्क. दार लावण्याला माझ्या यादीत रकाना नव्हता.

नंतर देवाप्पांना विचारलं, असं का केलंत. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं. ते स्वतःच गोंधळलेले.

"मी कुठं केलं? हात खिशात गेला आन् त्याला लाज वाटली. मी काय करू?"

७ मार्च, शुक्रवार

पवित्रा सकाळीच माझ्या टेबलाशी. मला वाटलं मार्कांसाठी आली. उत्तर तयार ठेवलं होतं.

"सिस्टर, त्यांना काय सांगायचं होतं?"

एवढंच. झोप लागली नाही म्हणाली. एका वाक्यात सांगू शकले असते मी. तिला घेऊन कँटीनला गेले, देवाप्पा चहा घेत होते. म्हटलं, हिला पुढचं करून दाखवा.

त्यांनी कप खाली ठेवला. "हितं त्यो यायचा न्हाई. चार लोकांत बोलणार न्हाई त्यो."

मग आम्ही तिघं वर त्याच खोलीत. मार्क नाहीत, घंटा नाही. ती आत गेली, दार लावलं, खुर्ची शेजारी घेतली. मी काचेमागं एकटी.

बऱ्याच वेळानं त्यानं दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. "ही सकाळची, ही संध्याकाळची." दोन्ही निळी. पवित्रानं ती नुसती बघितली. 'दोन्ही सारखीच आहेत की' असं ती म्हणाली नाही. विचारलं, "आधी सकाळची कोणत्या रंगाची होती?"

"पांढरी."

"मग ही आली तेव्हा दुकानात विचारलं नाहीत?"

तो मान खाली घालून बसला. "विचारलं तर वाच म्हणाला असता. आमच्या गेटवर रजिस्टर माझ्याकडं असतंय, डॉक्टर. नऊ वर्षं."

सगळं तिला कळल्याचं मला तिच्या पाठीवरून दिसलं. पाठ आधी ताठ झाली, मग सैल. ती त्याला "वाचता येत नाही का" असं म्हणालीच नाही. केसांचं रबर काढलं आणि साखरेच्या गोळीच्या पाकिटाला गुंडाळलं. "हे सकाळचं. बोटांना कळेल, बघायला नको. संध्याकाळी हे रबर लागलं की ठेवून द्यायचं. आणि घाम फुटला तर लगेच साखर खायची." मग म्हणाली, "कागदावर मी, गोळीचं पाकीट बदललं होतं, एवढंच लिहीन."

त्यानं पाकिटावरून अंगठा फिरवला. दोनदा.

मी ज्या वॉचमनकडं बघून हा माणूस केला, त्याला कदाचित उत्तम वाचता येत असेल. ज्योतिबा जगात कुठंच नाही. आणि ही मुलगी केस मोकळे सोडून त्याच्याजवळ बसली होती, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं ती पेशंटला विचारणार आहे — कसं ओळखता. एका चुकलेल्या नंबरातून एवढं!

ती गेल्यावर देवाप्पा खुर्चीतून उठेनात. मी आत गेले.

"गेला," ते म्हणाले.

"कुठं?"

"घरला. आता बायकोला काय सांगंल कुणास ठाऊक."

दोघंही तसेच बसून राहिलो. तो बायकोला काय सांगेल ह्याचा विचार करत. खरंच करत.

११ मार्च, मंगळवार

निर्णय झाला. ज्योतिबा परीक्षेतून काढला. डॉक्टर प्रियदर्शनी म्हणाल्या, शिकवायला ठेवू, सात मिनिटांची अट न घालता. पवित्राचे मार्क मात्र बदलता येणार नाहीत. मी म्हटलं, तिनं दार लावलं होतं. त्यांनी मार्कांची यादी मिटली. "मी पण बघितलं, सिस्टर," म्हणाल्या. बाकीच्या खोल्यांत पवित्रा निभावली. काठावर पास.

महिनाअखेर नवी केस हवी. स्त्री, वय ४०, पोटदुखी.

१६ मार्च, रविवार

सकाळी पोटदुखीची बाई लिहायला बसले. तानूबाई. बसमध्ये खिडकीशी बसलीय, तिचा स्टॉप आला, गेला, ती उठली नाही. पोट दुखत नाही तिचं. काहीच झालेलं नाही तिला. मी वाट बघितली, दुखायला लागेल म्हणून.

अकरा पानं झाली. कॉलेजला दुसरी कुणीतरी लिहून देईन. ही अजून बसमधून उतरलेली नाही.